लहान ट्रॅक, मोठा ट्रॅक: घोडागाडी शर्यतीच्या वेळा कशा ताडून पाहाव्यात

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस चाल पाहिल्याशिवाय सौद्याला बसत नाही. दुडकी (तिरके दोन पाय एकत्र टाकणारी चाल) कोणती आणि रवाल (एकाच बाजूचे दोन पाय एकत्र टाकणारी) कोणती, हे नांदेड-लातूरकडच्या जाणत्यांना सांगावं लागत नाही. अमेरिका आणि कॅनडात याच दोन चालींवर एक अख्खा खेळ उभा आहे. घोडा स्टँडर्डब्रेड जातीचा, मागे सल्की नावाची दोन चाकांची हलकी गाडी आणि अंतर बहुतेक वेळा एक मैल, म्हणजे १६०९ मीटर. घोडा चौखूर उधळला तर हाकणाऱ्याला त्याला आवरून पुन्हा चालीत आणावं लागतं.

मोबाइलवर या शर्यती पाहणारा नवखा माणूस निकालातल्या वेळा एकाखाली एक लिहितो आणि सर्वांत कमी वेळेचा घोडा सरस ठरवतो. तिथेच हिशेब चुकतो. मैल सगळीकडे सारखाच असला, तरी तो कुठे चार वळणांत धावला जातो, तर कुठे दोनच.

आधी वेळ नीट वाचा

उत्तर अमेरिकेच्या निकालात १:५५.२ असं लिहिलेलं असतं. तो ठिपका दशांशाचा नाही. त्याचा अर्थ १ मिनिट ५५ सेकंद आणि वर सेकंदाचे दोन पंचमांश. म्हणून १:५५.४ नंतर थेट १:५६.० येतं. बुलडॉग हॅनोव्हर या घोड्याने २०२२ साली मेडोलँड्सच्या ट्रॅकवर १:४५.४ अशी विक्रमी वेळ दिली, ती १ मिनिट ४५ सेकंद आणि चार पंचमांश.

निकालावर मोठ्या अक्षरात असते ती जिंकलेल्या घोड्याची वेळ. तुमचा घोडा मागे असेल तर घोड्याच्या एका लांबीला एक पंचमांश सेकंद धरून ती त्यात मिळवा. विजेत्याची वेळ १:५५.२ आणि आपला घोडा दोन लांबी मागे, तर आपली वेळ १:५५.४.

मग ट्रॅकचा घेर पाहा

अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर (न्यूयॉर्कजवळचं याँकर्स, ओहायोतलं नॉर्थफील्ड पार्क) घोड्याला दोन फेऱ्या आणि चार वळणं पडतात. पाच अष्टमांश मैलाच्या ट्रॅकवर तीन वळणं. सात अष्टमांश मैलाच्या ट्रॅकवर, उदाहरणार्थ कॅनडातल्या मोहॉक पार्कला, दोन. मेडोलँड्स किंवा लेक्सिंग्टनच्या रेड माइलसारख्या पूर्ण मैलाच्या ट्रॅकवरही दोनच, पण ऐसपैस.

वळणावर घोड्याला वेग सावरावा लागतो, आणि वळण जितकं आखूड तितकं जास्त. म्हणून जाणकार एक ढोबळ वजावट वापरतात: अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवरची वेळ पाच अष्टमांशच्या ट्रॅकसाठी १ सेकंदाने, सात अष्टमांशसाठी दीड सेकंदाने आणि पूर्ण मैलाच्या ट्रॅकसाठी २ सेकंदांनी कमी करायची. उलट दिशेने जाताना तेवढीच मिळवायची. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. एकच घोडा दोन्ही प्रकारच्या ट्रॅकवर धावलेला सापडला की वहीत नोंदवा. अशा नोंदी साठल्या की त्या दोन ट्रॅकांमधला खरा फरक किती, ते तुम्हालाच कळेल.

बाहेरून धावलेल्या घोड्याला न्याय द्या

मला स्वतःला ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि लोक नेमकी हीच गाळतात. आतल्या कठड्यापासून दोन मीटर बाहेरून अर्धवर्तुळाकार वळण घेतलं, तर घोडा सुमारे ६.३ मीटर जास्त धावतो. वळण लहान असो की मोठं, हा आकडा बदलत नाही, कारण तो फक्त बाहेरच्या दोन मीटरांवर ठरतो. बदलते ती वळणांची संख्या. चारही वळणं बाहेरून घेतली तर २५ मीटर, दोनच असतील तर साडेबारा.

आता उदाहरण घ्या. एक घोडा अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर १:५५.४ मध्ये आला, त्यात दोन वळणं त्याने बाहेरून घेतली. दुसरा पूर्ण मैलाच्या ट्रॅकवर कठड्याला धरून १:५३.१ मध्ये जिंकला. कागदावर दुसरा दोन सेकंद आणि तीन पंचमांशांनी पुढे दिसतो. पहिल्याचे २ सेकंद वजा केले की १:५३.४ उरतात, म्हणजे फरक तीन पंचमांशांवर आला. त्यात साडेबारा मीटर जादा धाव आहेच. या वेगाने ती जवळपास ०.९ सेकंदाची होते. हात राखून चार पंचमांशच वजा केले तरी पहिला १:५३.० वर येतो, म्हणजे किंचित पुढेच. शिवाय बाहेरच्या घोड्यापुढे आडोशाला दुसरा घोडा नसेल, तर समोरचा वारा तो एकटा अंगावर घेतो. ते आकड्यात बसत नाही, पण चित्रफितीत दिसतं, म्हणून शर्यत पाहूनच नोंद करा.

पाऊस, थंडी आणि वारा यांसाठी वेगळं गणित मांडण्यापेक्षा त्याच रात्रीच्या, त्याच ट्रॅकवरच्या बाकीच्या शर्यती पाहा. सगळ्याच नेहमीपेक्षा मंद असतील, तर दोष घोड्याचा नाही. आणि मोठ्या ट्रॅकवर शेवटच्या सरळ पट्ट्यात मुसंडी मारणारा घोडा लहान ट्रॅकवर आला, तर त्याला तेवढा पट्टा मिळत नाही. तिथे आतल्या जागेवरून सुटून लवकर पुढे जाणाऱ्याचं पारडं जड असतं. सेकंद बरोबर जुळवूनही अंदाज चुकतो तो इथे.

शंकरपटाला (बैलजोड्यांच्या शर्यतीला) हे लागू होतं का?

थोडंच. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून मराठवाड्यात पट पुन्हा भरू लागले, आणि दोन गावांतल्या वेळांची तुलनाही. पट सरळ असतो, त्यामुळे वळणाची वजावट नाही. पण अंतर गावागणिक वेगळं, म्हणून ते टेपने मोजून वेळेशेजारी लिहाच. वेळेला नुसता अंतराने भागाकार मात्र करू नका. अमेरिकेतले घोडे चालत्या मोटारीला लावलेल्या फाटकामागून पळतच रेषेवर येतात. बैलजोडी उभ्यावरून सुटते आणि सुरुवातीचे काही मीटर वेग घेण्यातच जातात. आखूड पटात हा तोटा मोठा दिसतो, लांब पटात तो विरून जातो. म्हणून सारख्या लांबीच्या पटांच्याच वेळा एकमेकींशेजारी ठेवा आणि जमीन मुरमाची होती की काळीची, हेही लिहून ठेवा.