मन अस्वस्थ असताना विणायला घ्यावेत असे मनगटमोजे

काळजीच्या दिवसांत विणायला बसायचे असेल, तर स्वेटर किंवा शाल हाती घेऊ नये. मोठे काम अर्धवट पडून राहिले की त्याचेच ओझे वाटू लागते. बोटे मोकळी ठेवून मनगट आणि तळवा झाकणारे मोजे मात्र थोड्या दिवसांत पुरे होतात. त्यांच्या विणीत मोजणी इतपतच असते, की मन तिच्यात गुंतते पण थकत नाही.

मध्यम जाडीची, 50 ग्रॅमला साधारण 110 ते 120 मीटर भरणारी लोकर आणि 4 मिलिमीटरच्या सुया घ्याव्यात. प्रौढ हाताच्या जोडीला एक गुंडा बहुधा पुरतो, तरी दोन आणलेले बरे. सुती धाग्याला लोकरीसारखी लवचीकता नसल्याने मोजा लवकर सैल पडतो. रंग फिका निवडावा, कारण गडद रंगात रात्रीच्या दिव्याखाली टाके दिसत नाहीत आणि मग विसाव्याऐवजी चिडचिड पदरी पडते.

सुईवर 40 टाके घालावेत. मन ताणलेले असले की हातही नकळत आवळले जातात आणि पहिल्या ओळीचे टाके इतके घट्ट बसतात की दुसरी सुई आत शिरत नाही. म्हणून दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालावेत आणि मग एक सुई अलगद काढून घ्यावी. पुढे प्रत्येक ओळ दोन सुलट, दोन उलट अशी विणावी. 40 ला 4 ने भाग जात असल्यामुळे ओळ नेहमी दोन सुलट टाक्यांनीच सुरू होते आणि कुठली ओळ चालू आहे हे लक्षात ठेवावे लागत नाही. उभ्या रेघा सरळ वर चढत असल्या, की वीण बरोबर आहे असे समजावे.

मध्येच एखादा टाका गळला तर घाबरून सगळे उसवू नये. गळलेल्या टाक्याच्या वर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात. तो टाका सुलट रेघेतला असेल तर क्रोशाची सुई समोरून फंदात घालून एकेक पायरी त्यातून ओढत वर यावे. उलट रेघेतला असेल तर काम पालथे करून हेच करावे. मला तर विणण्यापेक्षा ही दुरुस्तीच अधिक शांत करणारी वाटते.

उठताना ओळ पूर्ण करूनच सुया खाली ठेवाव्यात आणि साधारण अर्ध्या तासाने हाताला विश्रांती द्यावी. मनगट दुखत असतानाही विणत राहणे हा विरंगुळा नव्हे.

वीण 18 सेंटिमीटर लांब झाली की टाके सैल हाताने, सुलटावर सुलट आणि उलटावर उलट विणत बंद करावेत. मग दोन्ही कडा जुळवून खालून 10 सेंटिमीटर शिवावे, अंगठ्यासाठी 5 सेंटिमीटर मोकळे सोडावे आणि वरचे 3 सेंटिमीटर शिवून टाकावे. ओळी किती झाल्या ते शिवण्यापूर्वी मोजून कागदावर लिहून ठेवावे, कारण दुसरा मोजा नुसत्या अंदाजाने विणला तर तो हमखास आखूड किंवा लांब होतो.