झोपेची गोळी घरात आली, तर ती कशी घ्यावी आणि कशी सोडावी

रब्बीत शेतपंपाला रात्रीची लाईन असली की हरभऱ्याला पाणी देणारा माणूस पहाटे घरी येतो आणि दिवसा त्याचा डोळा लागत नाही. रानडुकरांसाठी जागलीला जाणाऱ्यांचेही तेच होते. मग एखाद्या संध्याकाळी त्याची आई पदराच्या गाठीतून कापलेले पाकीट काढून माझ्या मेडिकलच्या काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "पोराले झोपच येऊन नाही राहिली, हेच दे ना बाप्पा." पाकिटावर लाल चौकटीचा कोपरा उरलेला असतो, पण गोळीचे नाव कापलेल्या तुकड्यासोबत गेलेले असते.

ही गोळी डोक्यात काय करते ते आधी समजून घ्यावे, कारण ती घेण्याचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात. मेंदूतील पेशी एकमेकींना सतत चेतवत असतात आणि त्यांना आवरण्यासाठी मेंदू स्वतःच गाबा नावाचे रसायन तयार करतो. गाबा पेशीवरील आपल्या जागी बसला की एक सूक्ष्म झडप उघडते, ऋणभारित क्लोराइड आत शिरते आणि ती पेशी सहजासहजी चेतत नाही. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम या गोळ्या ही झडप स्वतः उघडत नाहीत. त्याच झडपेवर दुसऱ्या जागी बसून, गाबा आला की ती अधिक वेळा उघडेल, एवढेच करतात. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचे कामही तिथेच चालते. पूर्वीची झोपेची बार्बिट्युरेट औषधे मात्र झडप अधिक काळ उघडी ठेवत, आणि मात्रा वाढल्यास गाबा नसतानाही ती उघडत. त्यामुळे श्वास थांबून माणसे दगावत.

दारूही हीच यंत्रणा दाबते, म्हणून गोळी आणि दारू एका रात्री कधीही घेऊ नये. "थोडीशीच घेतली" हा हिशेब येथे चालत नाही. अंगदुखीसाठी मिळणारे ट्रॅमाडॉल श्वास मंद करते आणि सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिन मेंदूला जागे ठेवणारे हिस्टामिन अडवून गुंगी आणते. तेव्हा घरात चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवावीत. झोपेत मोठ्याने घोरून मध्येच श्वास अडकत असेल, तर तेही न विसरता सांगावे.

झोल्पिडेम शरीरातून लवकर निघून जाते, तरीही पुढचे सात-आठ तास झोपायला मोकळे असतील तेव्हाच, अंथरुणावर बसून ते घ्यावे. डायझेपामचा अंमल दुसऱ्या दिवशीही राहू शकतो. सकाळी गुंगी वाटत असेल तर मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि कडबा कापण्याची कुट्टी यांच्यापासून दूर राहावे. मोटर चालू करायला रात्री उठायचेच असेल, तर गोळीची वेळ स्वतःच्या मनाने न बदलता डॉक्टरांना आधीच विचारावे. म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, म्हणून त्यांच्या उशाशी बॅटरी आणि काठी ठेवावी. रात्री अंगणात पडून खुब्याचे हाड मोडणे ही लहान गोष्ट नाही.

गोळी रोज घेतली की मेंदू तिच्या सवयीने आपली यंत्रणा जुळवून घेतो, तीच मात्रा पुरेनाशी होते, आणि ती एकदम बंद केली तर झोप पूर्वीपेक्षाही उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, क्वचित फिट येते. म्हणून अनेक महिने घेतलेली गोळी डॉक्टरांच्या देखरेखीत, काही आठवड्यांत किंवा त्याहूनही हळू उतरवावी. पाकीट संपले म्हणून शेजारणीच्या पाकिटातून एक घेणे हा उपाय नव्हे. अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि झोल्पिडेम ही औषधे एच-१ अनुसूचीत, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत, आहेत आणि २०१४ पासून त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. चिठ्ठी मागितल्यावर रुसणाऱ्यांना मी ती वहीच दाखवतो.

गोळी उतरवत असताना संध्याकाळचा चहा थांबवावा, कारण दिवसभर साचून झोप आणणाऱ्या ॲडेनोसिनची वाट चहातील कॅफिन अडवते. रात्रपाळीच्या पाण्याचे दिवस सोडून उठण्याची वेळ एकच ठेवावी.

पाकीट देवळीत न ठेवता कुलपात ठेवावे, आणि घरात कोणी खचलेले असेल तर विशेषच. मनावर ओझे असेल तर १४४१६ या टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत क्रमांकावर बोलता येते. कोणी जास्त गोळ्या घेतल्याचे कळले किंवा हलवूनही तो जागा होत नसेल, तर उलटी करवू नये, त्याला कुशीवर निजवावे, १०८ ला फोन करावा आणि रिकामे पाकीट सोबत न्यावे.