परिचारिकांचा सत्कार कसा करावा : कोल्हापुरातील तालमी आणि मंडळांसाठी

आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन १२ मे रोजी असतो. तो जवळ आला की एखाद्या तालमीच्या बैठकीत सत्काराचा विषय निघतो आणि फलकावर ‘वीर’ लिहायचे की ‘देवदूत’ यावर अर्धा तास जातो. त्याआधी दुसरी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे आपण नेमका कशाचा सत्कार करणार आहोत.

शौर्याचा सत्कार करायचा असेल, तर त्यामागे एक ठोस प्रसंग हवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा कामावर असलेल्या अंजली कुलथे यांनी वॉर्डातील २० गरोदर स्त्रियांना पॅन्ट्रीच्या खोलीत हलवून सुरक्षित ठेवले आणि पुढे कसाबची ओळखही पटवून दिली. केरळमधील परिचारिका लिनी पुथुसेरी २०१८ मध्ये निपाह विषाणूच्या रुग्णाची शुश्रूषा करताना स्वतः संसर्गाने दगावल्या. या दोघींना वीर म्हणताना कोणाचीही जीभ अडखळणार नाही. आपल्या भागातील एखाद्या परिचारिकेबाबत असा प्रसंग खात्रीने माहीत असेल, तर तो तपशिलाने सांगून शौर्याचाच गौरव करावा.

असा प्रसंग नसेल, तर शौर्य ओढूनताणून आणू नये आणि कौशल्याचा सत्कार करावा. माझ्या मते परिचारिकांच्या संपूर्ण व्यवसायाला सरसकट वीर ठरवणे त्यांच्या हिताचे नाही, कारण ज्याला वीर मानले त्याला वेळेवर पगार, हक्काची रजा आणि सोबतीला पुरेशी माणसे लागतात, हे बाकीचे सोयीस्करपणे विसरतात. २२ मार्च २०२० रोजी देशभर थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी हवाई दलाने रुग्णालयांवर फुले उधळली. साथ ओसरल्यावर मात्र तेव्हा कंत्राटावर घेतलेल्या अनेकांची कामे संपली. फुलांना कोणाचा विरोध नव्हता, पण त्यांनी घरभाडे भागत नाही.

कोणाला बोलवायचे, हे मंडळाने स्वतः ठरवू नये. सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालयात अधिसेविकांना, म्हणजे सगळे ज्यांना मेट्रन म्हणतात त्यांना, लेखी पत्र देऊन भेटावे आणि नावे त्यांच्याकडून घ्यावीत. खाजगी रुग्णालयात नर्सिंग विभागाच्या प्रमुखांना भेटावे. ओळखीच्या सिस्टरचे नाव पुढे केले की ज्या वॉर्डात कोणाचे लक्ष जात नाही तिथली माणसे हटकून सुटतात. परिचारक पुरुषही असतात, त्यांना रुग्णालयात ‘ब्रदर’ म्हणतात, त्यांना वगळू नये. उपकेंद्रावर लसीकरण आणि बाळंतपणाआधीच्या तपासण्या सांभाळणाऱ्या एएनएम ताई शहरातल्या कार्यक्रमाला क्वचितच बोलावल्या जातात. करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातून एखादीला आणण्याची सोय केली, तर गाडीचा खर्च मंडळाने उचलावा.

वेळ ठरवताना पाळ्या लक्षात घ्याव्यात. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत सकाळी आठ ते दुपारी दोन, दोन ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशी विभागणी असते. शिवाय पाळी संपली म्हणजे सुटका झाली असे नसते. प्रत्येक रुग्णाची स्थिती, चालू औषधे, सलाइन आणि राहिलेल्या तपासण्या पुढच्या सिस्टरला समजावून दिल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नाही. सकाळी अकराचा कार्यक्रम म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या बाईची झोप मोडणे. दुपारी चारच्या सुमारास ठेवला, तर सकाळपाळीच्या आणि रात्रपाळीच्या दोघींनाही येता येते. जागा रुग्णालयाच्या बाहेर असावी. सीपीआरमधील मंडळींसाठी दसरा चौकातील शाहू स्मारक भवन चालत जाण्याइतके जवळ आहे.

वॉर्डात जाऊन सत्कार करण्याचा मोह टाळावा. हलगी, फेटे आणि पंचवीस कार्यकर्ते हे दृश्य मिरवणुकीत शोभते, वॉर्डात नाही. अतिदक्षता विभागात फुले आणि गर्दी दोन्ही नकोत, आणि मोबाइलने काढलेल्या फोटोत मागच्या खाटेवरचा रुग्ण त्याच्या संमतीशिवाय येतो. सिस्टर हार घालून घेत उभी राहिली, तर तेवढ्या वेळात कोणाचे तरी इंजेक्शन लांबते.

सगळ्यात जास्त मेहनत भाषणावर घ्यावी, कारण सत्कार बिघडतो तो बहुधा तिथेच. वक्त्याने आदल्या आठवड्यात एखाद्या अनुभवी परिसेविकेशी, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या मुख्य सिस्टरशी, बोलून कामाची माहिती करून घ्यावी आणि ती जशीच्या तशी सांगावी. औषध देण्यापूर्वी रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाच गोष्टी ताडून पाहाव्या लागतात. स्वतः कूस न बदलू शकणाऱ्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी वळवले नाही, तर पाठीला जखमा होतात. नाडी, श्वास आणि रक्तदाबातला बारीक फरक अनेकदा सर्वांत आधी सिस्टरच्याच ध्यानात येतो आणि तिने वेळेवर हाक दिल्यामुळेच डॉक्टर वेळेवर पोहोचतात. हे काम शिकावे लागते : जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला तीन वर्षे, बीएस्सी नर्सिंगला चार वर्षे, आणि मग परिचर्या परिषदेकडे नोंदणी. ‘सेवाभाव रक्तातच असतो’ असे म्हटले की हे सगळे शिक्षण एका वाक्यात पुसले जाते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा उल्लेख तर होणारच. मात्र रात्री वॉर्डात फिरतानाच्या त्यांच्या हातातल्या दिव्यावर थांबू नये. क्रिमियाच्या युद्धात स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मरत होते. १८५५ मध्ये तिथली गटारे साफ झाली, हवा खेळती झाली आणि मृत्यू घटले. पुढे नाइटिंगेल यांनी मृत्यूंची आकडेवारी आकृत्यांत मांडून सरकारसमोर ठेवली आणि लष्कराच्या आरोग्यव्यवस्थेत सुधारणांसाठी पाठपुरावा केला. दिव्यापेक्षा या आकृत्या आजच्या परिचारिकांना अधिक जवळच्या वाटतील.

भाषणात त्याग, माया, मातृत्व यांची रेलचेल नसावी. समोर बसलेल्यांपैकी काहींना आपला पगार मनात येत असतो. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने शिफारस केली की, दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयाने राज्य सरकारच्या परिचारिकांइतके वेतन द्यावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयानेही महिना २०,००० रुपयांहून कमी देऊ नये. हे व्यासपीठावरून सांगावे. पाहुणे म्हणून एखाद्या रुग्णालयाचे मालक बसले असतील, तर अवश्य सांगावे.

भेटवस्तूबाबत फार लिहिण्यासारखे नाही. शाल-श्रीफळ चालते, पण बऱ्याच जणींच्या कपाटात शालींची थप्पी असते. आधी विचारून चांगले बूट, डबा किंवा पुस्तके द्यावीत.

सत्काराच्या दिवशीच मंडळाने आपल्या वागण्याचा एक ठराव करावा, आणि तो मला हारांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. गल्लीतल्या पोराचा अपघात झाला की तास-अर्ध्या तासात सगळी तालीम दवाखान्यात जमते, हे आपल्याकडचे प्रेम आहे. कॅज्युअल्टीच्या दारात मात्र तेच प्रेम भीतीदायक होते. रुग्णाजवळ दोनच माणसे थांबतील, बाकीचे आवाराबाहेर, आणि सिस्टरशी एकच ठरलेला माणूस बोलेल, असे लिहून कार्यकर्त्यांसमोर वाचावे. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार रुग्णालयातील कर्मचाऱ्यांवर हल्ला करणे हा अजामीनपात्र गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, शिवाय मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई द्यावी लागते. तरुण पोरांना हे आधी माहीत असलेले बरे.

कार्यक्रमानंतर एक काम उरते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात अध्यापन रुग्णालयात (जिथे विद्यार्थी शिकतात तिथे) तीन रुग्णांमागे आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. आपल्या सरकारी रुग्णालयात मंजूर पदे किती आणि रिक्त किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्ज मंडळाच्या नावाने न करता एखाद्या कार्यकर्त्याने नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करावा, विषय एकच ठेवावा, मजकूर १५० शब्दांच्या आत बसवावा आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करावे. आकडे हाती आले की त्यांची प्रत जोडून पालकमंत्र्यांना आणि आमदारांना निवेदन द्यावे.