घर विकायचंय? आधी बेसमेंटचा वास घेऊन या

इकडे न्यू जर्सीत घर विकायला काढायचं म्हटलं की आपल्या लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं, बेसमेंट फिनिश करून टाकू, म्हणजे तळघर राहण्याजोगं करू, भाव येईल. थांबा जरा. आधी तुमचं बेसमेंट कसलं आहे ते बघा.

वॉकआउट असेल, म्हणजे घर उतारावर आणि खालचं दार थेट बॅकयार्डात उघडतंय, तर तुमची चांदी आहे, उजेड असतो, आईबाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांची सोय तिथे होते, आणि बायर ते दार उघडून बाहेर पाऊल टाकतो तिथेच अर्धा पाघळतो. मोठ्या खिडक्यांचं डेलाइट त्याच्या खालोखाल. चारी बाजूंनी जमिनीत गाडलेलं त्यानंतर. क्रॉल स्पेस, म्हणजे घराखाली नुसती रांगत जाता येईल एवढी जागा असेल तर ती कोरडी ठेवा, बास.

खरी गोम पुढे आहे. मजल्याचा थोडा भाग जरी जमिनीखाली असला तरी अप्रेझर, म्हणजे बँकेसाठी घराची किंमत ठरवणारा, तो अख्खा मजला मुख्य एरियात धरत नाही, वॉकआउट असलं तरी नाही. फॅनी मे ही गृहकर्जं विकत घेणारी मोठी संस्था, तिच्या लोनसाठी तर २०२२ पासून मोजायची पद्धतच तशी ठरवलेली आहे. त्यामुळे वर २००० आणि खाली ९०० स्क्वेअर फूट असेल तर लिस्टिंगमध्ये २९०० ठोकू नका, अप्रेझल आलं की तोंडावर पडाल. खालचा भाव वेगळा लावतात, तोही वरच्यापेक्षा कमी.

खालच्या खोलीला बेडरूम म्हणायचं तर माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी लागते, उघडल्यावर साधारण ५.७ स्क्वेअर फूट मोकळी जागा आणि तिची खालची कड खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांच्या आत. आणि काम परमिट काढून केलेलं हवं, नाहीतर क्लोजिंगच्या, म्हणजे विक्रीचे शेवटचे कागद व्हायच्या तोंडावर टाउनशिपच्या खेपा मारत बसाल.

पण पैसे घालायचेच तर पाण्यावर घाला हो. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचा पाऊस आला, रात्री वीज गेली, बेसमेंटमधलं पाणी बाहेर फेकणारा संप पंप बंद, सकाळी खाली बघतो तर मखराचं थर्माकोल पाण्यावर तरंगतंय, गणपती आठ दिवसांवर! पंपाला बॅटरी बॅकअप त्यानंतर बसवला, आधी सुचलं नाही. आता २०२४ पासून इथे विकणाऱ्याला पुराची माहिती लेखी द्यावीच लागते, त्यामुळे लपवालपवी विसरा, उलट काय दुरुस्त केलंत त्याची बिलं फाइल करून ठेवा.

भिंतीवरून बोट फिरवा, पांढरी पूड लागली म्हणजे ओल येतेय, त्यावर रंग मारू नका, इन्स्पेक्टरला ते पहिलं कळतं. डाउनस्पाउटचं, म्हणजे छतावरून खाली येणाऱ्या पाइपचं पाणी भिंतीपासून लांब सोडा. रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात येणारा किरणोत्सर्गी वायू, त्याची टेस्ट करा, ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा वर आलं तर तो बाहेर काढणारा फॅन बसवा. हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर महिनाभर चालू ठेवा.

आणि ते बार, होम थिएटर वगैरे हौस म्हणून करायचं असेल तर राहायला आल्याआल्या करा, विकायच्या आदल्या वर्षी नको.