घरपट्टी जास्त लागली? हरकत घेताना या चुका टाळा

एप्रिल-मे आला की सोसायटीच्या ग्रुपवर घरपट्टीच्या बिलांचे फोटो पडायला लागतात. खाली ‘लूट चाललीय’, ‘यांना विचारणारं कोणी नाही’ ही ठरलेली वाक्यं. मग कोणीतरी कुठून तरी आलेला तयार अर्ज टाकतो, दहा जण वरचं नाव बदलून तोच अर्ज देतात आणि दहाही अर्ज एकाच फायलीत जाऊन बसतात. कमिटीत असल्यामुळे ही प्रकरणं दरवर्षी फिरून माझ्याकडे येतात. चुका त्याच, माणसं नवी. थोडं खरमरीत लिहिलंय, चालवून घ्या.

हे सगळं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू असलेल्या शहरांबद्दल आहे. मुंबईचं वेगळं, त्याबद्दल पुढे येईलच.

‘बिल जास्त आहे’ एवढंच लिहिणं

माझा सगळ्यात जास्त जीव या चुकीने खाल्लाय. ‘माझं बिल अवास्तव आहे, कृपया कमी करावे’ या वाक्यावर करआकारणी खात्यातला कोणीही काहीही करू शकत नाही, करायची इच्छा असली तरी. कराचे टक्के पालिका सगळ्या शहरासाठी ठरवते. तुमच्या घरापुरतं जे ठरतं ते करयोग्य मूल्य. हरकत त्याच्यावर घ्यायची असते, आणि तीही ‘हा आकडा चुकीच्या नोंदीवर काढलाय, ही ती नोंद, हा पुरावा’ अशी.

करयोग्य मूल्य म्हणजे ढोबळमानाने असं: घर भाड्याने दिलं तर वर्षाला जे वाजवी भाडं येईल ते धरायचं आणि दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. समजायला सोपं पडावं म्हणून आकडे घेतो. दर चौरस मीटरला महिना २० रुपये आणि घर ६० चौरस मीटर. वर्षाचे झाले १४,४०० रुपये, दहा टक्के गेले की १२,९६०. आता त्याच घराची नोंद बिल्डरच्या माहितीपत्रकातल्या सुपर बिल्टअपवरून (जिना, लिफ्ट, पॅसेजचा वाटा धरून काढलेल्या क्षेत्रफळावरून) ७५ चौरस मीटर झाली असेल, तर तोच आकडा १६,२०० होतो. दर तोच, घर तेच, आणि मूल्य चक्क पंचवीस टक्क्यांनी वाढलेलं. हे वाढलेलं मूल्य पुढे दरवर्षी तुमच्या बिलात मुक्काम ठोकून बसतं.

म्हणून अर्ज लिहायच्या आधी आकारणीचा उतारा काढा. आपल्या मिळकतीपुरती आकारणी पुस्तकातली नोंद मालकाला बघता येते, उतरवूनही घेता येते. त्यात चार गोष्टी बघायच्या: क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि कोणत्या वर्षापासून आकारणी धरलीय ते. क्षेत्रफळ मंजूर नकाशाशी आणि करारनाम्याशी ताडून बघा, आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं), बिल्टअप (भिंतींसकट), सुपर बिल्टअप यांतलं कोणतं धरलंय हे विचारा. ज्या मापाला दर लावलाय त्याच मापाचं क्षेत्रफळ हवं. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, आणि हा गुणाकारसुद्धा चुकलेला मी पाहिलाय.

वापराचा किस्सा सांगतो. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंचं बिल त्याच मापाच्या वरच्या फ्लॅटपेक्षा दुपटीच्या वर यायचं. दोन-तीन वर्षं त्यांनी निमूट भरलं. मग भाच्याने अर्ज केला, ‘ज्येष्ठ नागरिक असल्याने सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’. त्याचं काहीही झालं नाही. त्या बिल घेऊन आमच्याकडे आल्या तेव्हा मी रक्कम बघितलीच नाही, खालचा तपशील वाचला. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, शिक्षण कर, हे सगळं सगळ्यांनाच असतं. पण त्याखाली एक ओळ होती: रोजगार हमी कर. हा राज्य शासनाचा कर फक्त बिगरनिवासी मिळकतींना लागतो. म्हणजे कागदोपत्री काकूंचं घर हे घर नव्हतंच.

कारण बाहेरच होतं. काकांचा दवाखाना त्या पुढच्या खोलीत चालायचा. काका जाऊन बरीच वर्षं झाली, खोलीत आता नातवंडांच्या सायकली असतात, पण दाराशेजारची डॉक्टरांची पितळी पाटी काकूंनी काढली नव्हती. फेरआकारणीला आलेल्या माणसाने दारावरची पाटी बघितली आणि ‘दवाखाना’ लिहून तो पुढे गेला. बेल वाजवायचे कष्ट त्यानेही घेतले नाहीत.

नवा अर्ज अर्ध्या पानाचा झाला. उताऱ्यावर वापर बिगरनिवासी आहे, प्रत्यक्षात निवासी आहे, जागेची पाहणी करून पंचनामा करावा. सोबत घरगुती वर्गवारीचं वीजबिल, गॅसचं पुस्तक, सोसायटीचं पत्र आणि त्या खोलीचे फोटो. पाटी मात्र काढून आत लावायला सांगितली. त्याला काकू तयार नव्हत्या, शेवटी सुनेने समजूत घातली. पाहणी झाली, वापर बदलला. मागच्या वर्षांचे पैसे परत मिळवणं जड गेलं, कारण त्या वर्षांत हरकतच घेतलेली नव्हती. सहानुभूतीचा अर्ज हा हरकत अर्ज नसतो, एवढं लक्षात ठेवा.

तेव्हा बिल हातात आलं की आधी रोजगार हमी कराची ओळ शोधा. राहत्या घराच्या बिलात ती दिसली तर तुमची लढाई अर्धी सोपी झाली.

शेजाऱ्याचं बिल दाखवणं

हा पुरावा चालतो, पण तोलून वापरा. त्याच इमारतीतलं, त्याच मापाचं, त्याच वापराचं आणि त्याच वर्षी आकारणी झालेलं घर असेल तरच. ‘समोरच्या जुन्या वाड्याला आठशे रुपये आणि मला अठरा हजार’ हे चहाच्या टपरीवर ठीक आहे. जुनी आकारणी जुन्या दराने असते, ती नव्या इमारतीशी ताडता येत नाही.

मुदत घालवणं आणि रागाने बिल न भरणं

या दोन चुका जोडीने येतात. घर आकारणी पुस्तकात पहिल्यांदा चढतं किंवा मूल्य वाढतं तेव्हा मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते. हरकत कधीपर्यंत घ्यायची ते त्या नोटिशीतच असतं. लोक नोटीस वाचतात, संतापतात, फ्रिजवर चुंबकाने लावतात आणि दिवाळीनंतर माझ्याकडे येतात. ‘वेळच मिळाला नाही हो.’ अहो, एका पानाचा अर्ज आहे, पीएचडीचा प्रबंध नाही.

नोटीस बिल्डरच्या ऑफिसात किंवा आधीच्या मालकाच्या नावाने गेली असेल, तर अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात तसं लिहा आणि ती कोणाला, कधी बजावली याची प्रत मागा. नुसतं ‘मिळाली नाही’ म्हणून गप्प बसू नका.

आणि आता बिल न भरणारे. आमच्याकडे वरच्या मजल्यावर एक सद्‌गृहस्थ आहेत, तत्त्वाचे पक्के. त्यांची हरकत खरी होती: गच्चीचा उघडा भाग खोलीत धरला होता आणि त्यामुळे वर्षाला साधारण तीन हजार रुपये जास्त लागत होते. त्यांनी एक कडक पत्र दिलं आणि जाहीर केलं की निकाल लागेपर्यंत एक पैसा भरणार नाही. बिल वीस हजारांच्या आसपास. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, म्हणजे वीस हजारांवर महिन्याला चारशे, वर्षाला चार हजार आठशे. तीन हजार वाचवायला पावणेपाच हजारांचा खड्डा, तोही फक्त पहिल्या वर्षाचा! पुढच्या वर्षीचं बिल त्यावर चढलं, त्याची शास्ती वेगळी. अखेर जप्तीची नोटीस दारावर चिकटली, सगळ्या मजल्याने वाचली, आणि तत्त्वाचा तिथे निकाल लागला. गच्चीची नोंद नंतर दुरुस्त झालीसुद्धा. पण जी शास्ती भरली ती भरली.

शिवाय कोर्टात जायचं म्हटलं तरी पैसे अडवून चालत नाही. कलम ४०६ प्रमाणे अपील दिवाणी न्यायाधीशाकडे होतं, पुण्यात लघुवाद न्यायालयात. पण आधी आयुक्तांकडे तक्रार करून तिचा निकाल लागलेला हवा, अपील पंधरा दिवसांत हवं आणि मागणीची रक्कम भरलेली हवी. ‘थेट कोर्टात खेचतो’ म्हणणाऱ्यांनी ही तीन वाक्यं पुन्हा वाचावीत.

माझी पद्धत साधी आहे. मुदतीत बिल भरायचं, आणि त्याच दिवशी ‘हरकत राखून रक्कम भरत आहे, निकालानंतर जादा रक्कम परत करावी किंवा पुढील बिलात वळती करावी’ असं पत्र पावतीच्या झेरॉक्ससह आवक विभागात (जिथे अर्ज नोंदवून घेतात तिथे) द्यायचं. बऱ्याच पालिकांत लवकर भरणाऱ्याला सूट असते, तीही पदरात पडते. अभय योजना येईल आणि शास्ती माफ होईल म्हणून थांबणारे थांबोत बापडे. योजना येते तेव्हा येते, शास्ती मात्र दर महिन्याला वेळेवर येते.

फेरमोजणी मागताना स्वतःची बाल्कनी विसरणं

क्षेत्रफळाची हरकत घेतलीत की माणूस टेप घेऊन घरी येणार. तो फक्त तुम्ही दाखवाल तेवढंच मोजून जाईल असं समजू नका. बाल्कनी आत घेतलीय, गच्चीवर पत्रे टाकून खोली केलीय, पार्किंगला शटर लावलंय, हेही तो टिपतो. अनधिकृत बांधकामाला मिळकतकराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावायची तरतूद कलम २६७अ मध्ये आहे. पाच चौरस मीटर कमी करायला गेलेल्यांची पंधरा वाढलेली पाहिली आहेत. आधी घरी स्वतः टेप लावा, मग अर्ज करा.

तोंडी आश्वासनावर घरी येणं

‘बघतो, करून देतो, पुढच्या बिलात कमी होऊन येईल.’ हे वाक्य ऐकून माणसं पेढे वाटायचीच बाकी ठेवतात. तोंडी बोलण्यावर अपील होत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. सुनावणीची तारीख लेखी मागा. निकालही लेखी मागा, कारण अपिलाचा काळ त्यावर मोजतात.

सुनावणीला मी एकच कागद नेतो. तीन रकाने: पुस्तकात काय लिहिलंय, प्रत्यक्षात काय आहे, पुरावा कोणत्या पानावर. मागे क्रमांक घातलेली कागदपत्रं. समोरच्या साहेबाला दिवसभरात ढीगभर प्रकरणं ऐकायची असतात, त्याला तुमचा रस्त्यावरच्या खड्ड्यांचा संताप ऐकायला वेळ नसतो. खड्डे खरे आहेत. पण खड्ड्यांमुळे करयोग्य मूल्य कमी होत नाही.

एजंटाला पाठवू नका. ‘साहेबांशी बोलून घेतो’ याचे पैसे घेणाऱ्याकडे तुमच्या अर्जाची पोचसुद्धा नसते. नगरसेवकाचं पत्र जोडायचं तर जोडा, अर्जाच्या जागी नको.

सवलत न मागणं

पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकांना करयोग्य मूल्यात ४० टक्के सवलत १९७० पासून आहे. मधे ती बंद पडली, २०२३ मध्ये शासनाने पुन्हा चालू केली. ज्यांची गेली त्यांना पीटी-३ अर्ज भरून, स्वतः राहत असल्याचे पुरावे जोडून ती मागावी लागली. अजूनही लोक भेटतात जे ‘आपोआप लागेल’ म्हणून बसलेत. घर भाड्याने दिलं, भाडेकरू गेला, स्वतः राहायला आलात, की तेही लेखी कळवावं लागतं. अनेक ‘अन्यायकारक’ बिलं ही फक्त न मागितलेल्या सवलतीची असतात.

दुसऱ्या शहराचा नमुना उतरवणं

मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी मिळकतीच्या किमतीवर, कर आहे. तिथे रेडीरेकनरचा (सरकारने ठरवलेल्या जागेच्या किमतीचा) दर, वापर, इमारतीचा प्रकार आणि वय यांवरून आकडा निघतो, वाजवी भाड्याचा मुद्दा तिथे गैरलागू. मोकळ्या जागेवर पुढे किती बांधता येईल हे धरून मूल्य काढायचे तिथले नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केले, पण त्याचा निकाल पुण्यातल्या टूबीएचकेच्या अर्जाला जोडून उपयोग नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून करमाफी आहे, ती बघून ठाण्या-नाशिकचे लोक आपल्या पालिकेत जाऊन भांडतात. नगरपरिषदेच्या गावात १९६५ चा कायदा, तिथली चार वर्षांनी होणारी फेरआकारणी आणि हरकतींची रीत निराळी.

किरकोळ दोन-तीन: उताऱ्यावर अजून वडिलांचं किंवा बिल्डरचं नाव असेल तर आधी नाव लावून घ्या, नाहीतर ‘तुम्ही कोण’ इथूनच सुरुवात होते. एकाच अर्जात पाणी, कचरा, ड्रेनेज कोंबू नका. मूळ कागद कधीही देऊ नका.

आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तरी फाईल बांधून माळ्यावर टाकू नका. आदेश फायलीत राहतो आणि संगणकात जुनाच आकडा, असं सर्रास होतं. एप्रिलचं नवं बिल आलं की करयोग्य मूल्य आदेशातल्या आकड्याशी ताडून बघा. जुळत नसेल तर आदेशाची प्रत आणि बिल घेऊन मेच्या आत खात्यात जा, लवकर भरण्याच्या सवलतीसाठी शेवटच्या आठवड्यात रांग लागते तेव्हा कोणी दुरुस्ती करत बसत नाही.