लसीच्या व्हिजिटला नुसती सुई टोचून परत येऊ नका

आपल्याकडे बाळाला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे एकतर ताप नाहीतर लस, वजन केलं, सुई टोचली, तापाचं औषध लिहून घेतलं की निघालो. पण दीड, अडीच, साडेतीन, नऊ महिने आणि मग १६ ते २४ महिन्यांच्या मधे अशा फेऱ्या होतातच ना, मग बाळ कसं वाढतंय, आपण त्याच्याशी कसं वागतोय हे तेव्हाच विचारून घ्या, फी तर तेवढीच आहे.

अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की लस आहे पण थोडं बोलायचंय, म्हणजे ते गर्दीची वेळ टाळून देतील. आदल्या आठवड्यात जे खटकेल ते मोबाईलमधे लिहून ठेवा आणि एक-दोन व्हिडिओ काढा, कारण घरी बडबड करणारं पोरगं क्लिनिकमधे एकतर भोकाड पसरतं नाहीतर तोंडच उघडत नाही. बाबांनाही न्या, नाहीतर घरी येऊन सगळं परत आईनेच समजवायचं. आणि "मस्ती केलीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" ही धमकी आजपासून बंद. लस देताना बाळ मांडीवरच धरा, अंगावर पीत असेल तर पाजत राहा, दुखणं कमी होतं.

आता विचारायचं काय? साधारण दोन महिन्यांचं बाळ बघून हसतं, नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसतं, दोन वर्षांचं मूल "पाणी दे" असे दोन शब्द जोडतं. थोडं मागेपुढे होतं, त्याने घाबरू नका. पण वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही किंवा आधी येणारे शब्द बोलायचं थांबलंय, तर पुढच्या लसीची वाट बघू नका. "मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबा पण तसाच होता" हे प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच, ऐकून घ्या आणि तरी कान तपासून घ्या. १८ आणि २४ महिन्यांना ऑटिझमसाठी (स्वमग्नतेसाठी) एम-चॅट नावाची प्रश्नावली भरून घेतात, डॉक्टरांनी काढली नाही तर आपणच विषय काढा, त्यात राग येण्यासारखं काही नाही.

वागण्याचंही विचारा. जमिनीवर लोळून हट्ट, चावणं, रात्री न झोपणं, हे सगळं त्यांच्या रोजच्या ओपीडीतलंच आहे. मोबाईल दाखवून भरवत असाल तर खरं सांगा. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, नंतर पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त तासभर, तेही सोबत बसून. (व्हिडिओ कॉलवर आजी चालते!) त्याऐवजी काय, तर भाजी निवडताना बोलत राहा, वाटी-चमचा वाजवायला द्या, महागडी खेळणी लागत नाहीत. वॉकर कोणी गिफ्ट दिला तर माळ्यावर टाका, त्याने चालणं लवकर येत नाही आणि पोरं पडतात ते वेगळंच.

प्रायव्हेट परवडत नसेल तरी अडत नाही. सरकारी माता-बाल संरक्षण कार्डात वाढीचा तक्ता आणि कोणत्या महिन्यात काय यायला हवं ते चित्रांसकट दिलेलं असतं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासायला येते, ती कधी येणार ते सेविकाताईंना विचारून ठेवा, वाढीत अडचण दिसली तर तिथून जिल्ह्याच्या डीईआयसी सेंटरला (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) पाठवतात आणि ते मोफत असतं. तिकडे जाताना कार्ड, आधीचे रिपोर्ट आणि ते मोबाईलमधले व्हिडिओ सोबत ठेवा.