उंचीच्या डेटात एरर नक्की किती? राउंडिंग आणि जाळी, दोन्हीचा हिशोब

"३० मीटरचा डेटा आहे म्हणजे एरर ३० मीटर" असं कोणी सांगितलं की माझं डोकंच उठतं. ३० मीटर हे जाळीतलं अंतर, म्हणजे दर ३० मीटरला उंचीचा एक पॉइंट; उंचीतली चूक वेगळी. उदाहरणाला नासाचा एसआरटीएम हा जमिनीच्या उंचीचा ३० मीटरचा डेटा घेतो, फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर शटलने ११ दिवसांत रडारने मोजलेला, उंची पूर्ण मीटरमध्ये. फाईल उघडता येते असं धरून चालतो.

आधी राउंडिंग, म्हणजे उंची पूर्ण मीटरला आणताना होणारी चूक. स्टेप १ मीटर, तिला १२ च्या वर्गमुळाने भागा, आरएमएस (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) ०.२९ मीटर. झालं.

आता जाळी, म्हणजे पॉइंटच्या मधली उंची अंदाजाने भरताना होणारी चूक, आणि इथेच मी कित्येक महिने अडकलो होतो. दोन पॉइंटच्या मधली जमीन आपल्याकडे नाहीच, मग ताडणार कशाशी? तर उलटं जायचं. एकाआड एक ओळ आणि कॉलम काढून टाका, उरलेल्या ६० मीटरच्या जाळीवरून बायलिनियरने (शेजारच्या दोन किंवा चार पॉइंटची सरासरी घेऊन) काढलेले पॉइंट परत भरा आणि मूळ आकड्यांतून वजा करा. पॉइंट कमी करायला सॉफ्टवेअरचं रिसॅम्पल टूल वापरू नका, ते बऱ्याचदा सरासरी घेतं, आणि तयार ९० मीटरची फाईलही नको, काही आवृत्त्यांत तीही सरासरीचीच आहे. फरकांचे तीन ढीग वेगळे ठेवा: पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि चौकोनाच्या मधले. माळशेजसारख्या भागात कड्याची धार जिथे उत्तर-दक्षिण जाते तिथे चूक पूर्व-पश्चिमेच्या आणि मधल्या ढिगात असते, उत्तर-दक्षिणेत जवळजवळ नसते, सगळं एकत्र केलं की हा फरक दिसतच नाही.

पण या फरकात राउंडिंग आणि रडारचा नॉईजही (मोजणीतली इकडेतिकडे होणारी चूक) मिसळलेला असतो, तो काढलाच पाहिजे. त्यासाठी सपाट रानाचा एक तुकडा घ्या, त्यावर हाच प्रयोग करा, आणि आलेल्या आरएमएसचा वर्ग डोंगराच्या आरएमएसच्या वर्गातून वजा करा. प्रत्येक ढिगासाठी वेगळं. तुकडा म्हणून धरणाचं पाणी चुकूनही घेऊ नका! मी उजनीचा जलाशय घेतला होता, नॉईज शून्य आला आणि सगळी चूक जाळीवर टाकून मोकळा झालो, नंतर कळलं की सुधारलेल्या डेटात पाणी मुद्दाम सपाट केलेलं असतं, अख्खा रिपोर्ट परत करावा लागला.

मग हेच १२० मीटरवर करा. १२० वरून ६० वर येताना चूक किती पट कमी झाली तेच प्रमाण पुढे ३० ला लावा. गुळगुळीत उतारावर चौथा हिस्सा उरते, म्हणून सगळीकडे डोळे झाकून चारने भागा असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, कडे आले की चूक अर्धीसुद्धा होत नाही. पठार आणि कडे वेगळे कापून प्रत्येकाचं प्रमाण काढा.

शेवटी जाळीची चूक आणि नॉईज यांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. नॉईजसाठी त्याच सपाट तुकड्यातून एक प्लेन (सरळ सपाट पातळी) बसवा आणि उरलेल्या फरकाचा आरएमएस घ्या, राउंडिंग त्यातच आलं, ०.२९ परत मिळवू नका.